कालवाच्या अंड्याला गरम पाण्याचा झटका: घड्याळ ठेवा, अंडं बघा

प्रश्न दक्षिण गोव्यातल्या काणकोणच्या एका तरुणाचा आहे. रत्नागिरीला मत्स्यविज्ञान शिकून आला, घरच्याच जागेत छोटी हॅचरी टाकली, गालजीबागच्या खाडीतली कालवं आणून बीज, म्हणजे कालवाची बारीक पिल्लं, काढतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘सर, ट्रिप्लॉइड, म्हणजे गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेली, कालवं करायची आहेत. रसायन नको, म्हणून उष्णतेचा झटका दिला. फलनानंतर बरोबर २० मिनिटांनी अंडी ३७ अंशांच्या पाण्यात टाकली आणि १५ मिनिटं ठेवली. दुसऱ्या दिवशी शंभरातली पाचसुद्धा डी-अळीपर्यंत (इंग्रजी D सारख्या शिंपल्याची पहिली अळी) पोचली नव्हती. जी पोचली त्यांची गुणसूत्रं मोजली तर सगळीकडे २०च. तीनदा केलं, तीनदा हेच. तापमान कमी करू की वेळ?’

दोन्ही कमी करा. पण त्याआधी ती ‘बरोबर २० मिनिटं’ डोक्यातून काढून टाका, कारण तुमचा घोटाळा तिथून सुरू झाला आहे.

ही २० मिनिटं कुठून आली ते मला न विचारता कळतं. पॅसिफिक कालवावरचं बरंचसं काम थंड देशांत, २५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात झालंय. तिथे पहिली पोलर बॉडी, म्हणजे अंडं विभाजनात जास्तीची गुणसूत्रं ज्यात भरून बाहेर टाकतं तो बारका गोळा, पंधरा-वीस मिनिटांनी दिसायला लागते आणि दुसरीला त्यावर बराच अवधी मिळतो. म्हणून तिथे विसाव्या मिनिटाला झटका देणं चुकीचं नाही. तुमच्या टाकीतलं पाणी किती अंश होतं? प्रश्नात तुम्ही ते लिहिलेलंच नाही. काणकोणला, त्यातही पत्र्याच्या छपराखाली, ते २९ ते ३० असणार. त्या पाण्यात अंडं कुणासाठी थांबत नाही. माझ्याकडे ह्या तापमानाला पहिली पोलर बॉडी दहा-बारा मिनिटांच्या आसपास दिसते, कधी थोडी आधी, कधी थोडी नंतर. म्हणजे विसाव्या मिनिटाला तुमच्या बऱ्याचशा अंड्यांची दुसरी पोलर बॉडीसुद्धा बाहेर पडून गेली असेल. चोर पळाल्यावर दाराला कुलूप लावलंत.

आता आत काय चालतं ते सांगतो. शिकलेलंच असेल, पण आकडे घालून पाहिलं की वेळेचं महत्त्व नीट कळतं. आपल्या कालवाच्या पेशीत गुणसूत्रं २०, म्हणजे दहा-दहाचे दोन संच. माणसाचं किंवा कोंबडीचं अंडं फलनाच्या वेळी विभाजनात बरंच पुढे गेलेलं असतं. कालवाचं तसं नसतं. ते अर्धगुणसूत्री विभाजनाच्या पहिल्या पायरीवरच थबकलेलं असतं आणि त्या घडीला, प्रत्येक गुणसूत्राची नक्कल झालेली असल्याने, त्याच्याकडे दहाचे चार संच असतात. शुक्राणू आत शिरला की थांबलेलं गाडं हलतं. पहिली पोलर बॉडी दोन संच घेऊन बाहेर पडते, दुसरी एक. उरतो एक संच, त्यात शुक्राणूचा एक मिळतो आणि नेहमीचं दोन संचांचं कालव तयार होतं.

तुम्हाला ही दुसरी पोलर बॉडी आतच अडवायची आहे. ती अडली की अंड्याचे दोन आणि शुक्राणूचा एक असे तीन संच होतात, गुणसूत्रं ३०. झालं ट्रिप्लॉइड. गुणसूत्रांना ओढून वेगळं करणारे तुर्कतंतू तापमानाला फार हळवे असतात. अचानक गरम किंवा अचानक थंड केलं की ते विस्कटतात आणि बाहेर जायचा संच आतच राहतो. झटक्याचं सगळं तंत्र एवढंच आहे.

मग पहिलीच पोलर बॉडी का अडवू नये? ट्रिप्लॉइड त्यातूनही निघतात. पण चारही संच आत राहिल्यावर दुसऱ्या विभाजनात ते कसेही वाटले जातात. कुणाला २७, कुणाला ३४ अशी अर्धवट भरती होते, आणि अशा बहुतेक अळ्या जगत नाहीत. झटका लवकर बसला तर हा गोंधळ, उशिरा बसला तर दोन संचांचं साधं कालव.

खाजनातल्या मानशीवर, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायच्या दारावर, राखण करणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. दार कधी पाडायचं आणि कधी उचलायचं हे त्याला पंचांगातून ढोबळ कळतं, पण दोरीला हात घालण्यापूर्वी तो पाणी बघतो. वारा असेल, वरून पाऊस आला असेल, तर भरती पंचांगाला विचारून येत नाही. तुमच्या टाकीतही तसंच करायचं. घड्याळ लावा, पण झटका सुरू करायचा हुकूम सूक्ष्मदर्शकाकडून येऊ द्या.

हे करायला दोन माणसं लागतात. एक सूक्ष्मदर्शकावर, एक गरम पाण्याजवळ. एकट्याने करायला गेलात तर स्लाइड बदलता बदलता वेळ निघून जाते. फलनानंतर सहाव्या-सातव्या मिनिटापासून दर मिनिटाला एक थेंब काढून बघायचा. अंड्याच्या कडेला साबणाच्या फेसातल्या बारक्या बुडबुड्यासारखं काहीतरी चिकटलेलं दिसेल, ती पोलर बॉडी. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती कचरा वाटते, म्हणून फलन न केलेल्या अंड्यांची एक स्लाइड शेजारी ठेवा आणि आलटून पालटून बघा. २५-३० अंडी मोजा, जास्त मोजत बसू नका. साधारण निम्म्या अंड्यांवर पहिली पोलर बॉडी आली की झटका सुरू करायचा, हा रूढ नियम. मी चाळीस टक्क्यांनाच हाक देतो, कारण जी पोलर बॉडी अंड्याच्या अगदी वर किंवा खाली बसलेली असते ती आपल्याला दिसत नाही. आपण मोजलेल्या आकड्यापेक्षा खरा आकडा नेहमी पुढे असतो.

पण निम्म्या अंड्यांवर एका वेळी पोलर बॉडी दिसायची तर सगळी अंडी एका वेळी निघालेली असली पाहिजेत. इथे लोक हमखास फसतात. कालवाचं अंडं शिंपल्यातून खरवडून काढता येतं, ती आपली मोठी सोय. पण खरवडल्याबरोबर त्यात शुक्राणू घालू नका. ताजं काढलेलं अंडं नासपतीसारखं लांबट असतं आणि मधोमध एक फिकट गोल डाग असतो, ते त्याचं केंद्रक. समुद्राच्या स्वच्छ पाण्यात अर्धा ते एक तास ठेवलं की अंडं गोल होतं आणि डाग विरतो. बहुतेक अंड्यांतला डाग गेला की मगच फलन करा. कच्ची आणि तयार अंडी एकत्र राहिली तर काहींचं विभाजन आत्ता सुरू होतं, काहींचं दहा मिनिटांनी, आणि मग कुठल्याही क्षणी दिलेला झटका निम्म्यांना चुकीच्या वेळी बसतो.

अंडी आधी ६० ते ८० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून घ्या, म्हणजे मांसाचे तुकडे वर राहतात. मग २० मायक्रॉनच्या जाळीवर धरून धुवा. अंडं साधारण ५० मायक्रॉनचं, ते ह्या जाळीवर राहतं आणि घाण खाली जाते. शुक्राणू तीन-चार नरांचे एकत्र करून एकदमच घाला, थोडे थोडे नव्हे. प्रत्येक अंड्याच्या कडेला पाच ते दहा शुक्राणू दिसले की पुरे. ओंजळभर ओतलेत तर एका अंड्यात दोन-दोन शिरतात. त्या अंड्यातही तीन संच दिसतात, पण ते ट्रिप्लॉइड खोटं, लवकरच मरणारं. पाच मिनिटांनी अंडी परत २० मायक्रॉनवर धुऊन उरलेले शुक्राणू काढून टाका.

सुरीचंही सांगून ठेवतो. एकदा मी ज्या सुरीने नर उघडला त्याच सुरीने, नुसती पुसून, तीन माद्या उघडल्या. तासभर अंडी पिकायला ठेवली आणि शुक्राणू घालण्याआधी सहज एक थेंब पाहिला, तर अर्ध्या अंड्यांचे दोन-दोन भाग झालेले. शुक्राणू मी घातलेच नव्हते. सुरीच्या पात्याला लागलेले पुरले होते. पूर्ण खेप ओतून द्यावी लागली. तेव्हापासून नरांची सुरी वेगळी, तिच्या मुठीला लाल टेप. फलनाआधी एक थेंब बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही. कालव वरून पाहून नर की मादी ते कळत नाही, आणि तेच कालव आज नर तर पुढच्या मोसमात मादी असू शकतं. म्हणून प्रत्येक शिंपल्यातला ठिपका काचेवर घ्या. पाण्यात दुधासारखी एकसंध धार पसरली तर नर, रव्यासारखे कण सुटे झाले तर मादी.

आता तुमचे ३७ अंश आणि १५ मिनिटं. थंड देशातलं अंडं २५ वरून ३५ वर गेलं तर त्याला दहा अंशांचा धक्का बसतो. आपलं ३० वरून ३६ वर गेलं तर सहाचा. तापमानाचा आकडा सारखा दिसला म्हणून धक्का सारखा नसतो. आणि आपल्या अंड्याच्या डोक्यावर फारशी मोकळी जागा नाही. तुर्कतंतू विस्कटतात ते तापमान आणि अंडं मरतं ते तापमान ह्यांच्यात गरम पाण्याच्या देशात अंतर थोडं उरतं. एप्रिलच्या ओहोटीत खडकावर उन्हात तापत पडलेलं कालव बघून वाटतं, ह्याला ३७ म्हणजे काहीच नाही. ते तापतं ते मोठं, शिंपला घट्ट मिटून घेतलेलं जनावर. अंड्याला मिटायला शिंपला नाही.

त्यातही ते खरोखर ३७ होते का? मला दोन्ही बाजूंनी शंका आहे. समजा चार लिटर ३७ अंशांच्या पाण्यात तुम्ही ३० अंशांचं एक लिटर अंडी-पाणी ओतलंत. मिश्रणाचं तापमान साडेपस्तीसच्या थोडं वर भरतं. वहीत ३७ लिहिलं, अंड्याला ३५.६ मिळाले. उलट बादलीत हीटरची कांडी चालू असेल तर कांडीजवळ ४० असू शकतात आणि तळाला ३५. तुमच्या खेपेत इतकी मर झाली ती पाहता मला कांडीचाच संशय जास्त येतो.

मी कांडी वापरत नाही. मासळी ठेवायची ती जाड भिंतींची बर्फपेटी असते ना, ती धुऊन, वास जाईपर्यंत उन्हात ठेवून, तिच्यात गाळलेलं समुद्राचं पाणी भरतो. पाणी बाहेर तापवून हव्या तापमानाला आणायचं, पेटीत ओतायचं, हलवायचं, झाकण लावायचं. दहा मिनिटांत त्याचं तापमान फारसं उतरत नाही, कुठे जास्त कुठे कमी असं होत नाही, आणि मधेच वीज गेली तरी जीव खालीवर होत नाही. अंडी ओतायचीच नाहीत. २० मायक्रॉनची जाळी तळाला लावलेलं प्लॅस्टिकचं नळकांडं घ्यायचं, अंडी त्यावर धरायची, पाणी निथळू द्यायचं पण कोरडी पडू द्यायची नाहीत, आणि नळकांडंच पेटीत बुडवायचं. वेळ झाली की उचलून तसंच ३० अंशांच्या पाण्यात. आत जाणं आणि बाहेर येणं दोन्ही काही सेकंदांत होतं. नळकांडं पाण्यात हलकेच वरखाली करत राहा, नाहीतर अंडी जाळीवर थर करून बसतात आणि मधल्यांना पाणीच लागत नाही.

थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते आधी बघा. बाजारातले डिजिटल थर्मामीटर अर्धा-एक अंश सहज चुकतात, आणि इथे एका अंशाला फार किंमत आहे.

तुम्ही पुन्हा कराल तेव्हा एकच तापमान धरून बसू नका. एकाच खेपेची अंडी वाटून ३४, ३५, ३६ आणि ३७ अंश, प्रत्येकी पाच आणि दहा मिनिटं, असे आठ गट करा. शिवाय दोन गट झटक्याविना: एकाला हातच लावायचा नाही, दुसऱ्याला जाळीवर घेऊन तितकीच मिनिटं ३० अंशांच्या पाण्यात वरखाली करायचं. हा दुसरा गट लोक टाळतात आणि मग अंडी उष्णतेने मेली की हाताळणीने, हे कधीच कळत नाही. तुमच्या तिन्ही खेपांत तो गट नव्हता, असं मी गृहीत धरतो.

तुमच्या उरलेल्या अळ्यांत एकही ट्रिप्लॉइड का नाही, ह्याचा माझा अंदाज असा. झटका बसला तेव्हा बहुतेक अंड्यांचं विभाजन उरकलेलं होतं, थोड्यांचं ऐन मध्यावर होतं. इतक्या कडक उष्णतेत सगळ्यात आधी जातात ती मध्यावर असलेली. म्हणजे जी थोडी अंडी ट्रिप्लॉइड होऊ शकली असती तीच तुम्ही मारलीत आणि साधी वेचून ठेवलीत. तापमान तेवढंच ठेवून नुसती वेळ पुढेमागे केलीत तरी हे सुधारणार नाही, आणि वेळ तीच ठेवून तापमान उतरवलंत तर साध्या अळ्या भरपूर मिळतील, एवढंच.

थंडीच्या झटक्याचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण आपल्या पाण्यात माझा कल तिकडे आहे. ३० वरून खाली उतरायला आपल्याकडे भरपूर जागा आहे. थंडीतही तुर्कतंतू सुटतात. शिवाय अंड्याचा सगळाच कारभार मंदावतो, त्यामुळे एका मिनिटाची चूक गरम पाण्यात जेवढी नडते तेवढी नडत नाही. ५ अंश आणि १० अंश, प्रत्येकी १० आणि १५ मिनिटं, असे चार गट करून बघा. धोका वेगळा आहे. थंडीतून बाहेर काढल्यावर तंतू परत बांधले जातात, आणि झटका तोकडा पडला असेल तर अंडं राहिलेलं काम पुरं करतं, म्हणजे दुसरी पोलर बॉडी उशिरा का होईना बाहेर टाकतं. म्हणून बाहेर काढल्यावरही अर्धा तास दर पाच मिनिटांनी थेंब बघत राहा.

आणि बर्फ पाण्यात टाकू नका. मी टाकलाय. मासळीच्या जेटीवरून आणलेली लादी फोडून घातली, थर्मामीटर झकास खाली आला, मी खूश. अंडी फुगून फुटायला लागली तेव्हा लक्षात आलं की बर्फ गोड्या पाण्याचा आहे आणि खारटपणा मी बराच खाली आणलाय. आता बाटल्यांत पाणी गोठवून, झाकण घट्ट लावून, बाटल्याच पेटीत सोडतो.

रसायनाबद्दल दोन शब्द. १९८१ मध्ये अमेरिकेत मेन विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या कालवाची ट्रिप्लॉइड केली ती सायटोकॅलॅसिन-बी वापरून, आणि बरीच वर्षं तेच चाललं. रसायनाने ट्रिप्लॉइडचं प्रमाण तापमानापेक्षा चांगलं आणि भरवशाचं मिळतं, हे मान्य करायला हवं. पण ते विषारी आहे, महाग आहे, आणि वापरलेलं पाणी कुठे सोडणार? हॅचरीच्या मागे खाडीच आहे, आणि त्याच खाडीत बायका तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) काढायला उतरतात. ६-डीएमएपी नावाचं दुसरं रसायन पाण्यात सहज विरघळतं, आपल्या मद्रासी कालवाची ट्रिप्लॉइडही त्याने झालेली आहेत, आणि ती साध्यांपेक्षा चांगली वाढलेली दिसली आहेत. तरी मला स्वतःला घरगुती हॅचरीत रसायन नको वाटतं. तुमचा निर्णय बरोबर आहे, फक्त त्याची किंमत माहीत असू द्या: तापमानाने शंभर टक्के ट्रिप्लॉइड मिळणार नाहीत, मिश्र बीजच मिळेल. शंभराच्या जवळ जायचा मार्ग चार संचांच्या नरातून जातो. १९९४ साली पॅसिफिक कालवात टिकाऊ टेट्राप्लॉइड झाली आणि त्यांचे नर साध्या माद्यांना लावले की झटक्याची गरजच उरत नाही. परदेशातल्या मोठ्या हॅचऱ्या आता त्याच वाटेने जातात. पण तसे नर तयार करायला आधी चांगली ट्रिप्लॉइड मादी हवी, म्हणजे सुरुवात परत तुमच्या बादलीपाशीच.

मिश्र बीज आलं की हिशेब नीट करा. नुसत्या ट्रिप्लॉइडच्या टक्केवारीवर भाळू नका. समजा एका गटात ८० टक्के ट्रिप्लॉइड आहेत, पण शंभर अंड्यांतून दहाच डी-अळ्या उरल्या. हातात आली आठ. दुसऱ्यात ५० टक्केच आहेत, पण पन्नास अळ्या उरल्या. हातात पंचवीस. विकायला दुसरा गट बरा, पुढे पैदाशीच्या कामाला पहिला. हे ठरवल्याशिवाय ‘चांगलं तापमान कोणतं’ ह्या प्रश्नाला उत्तर नाही.

आता तुम्ही न विचारलेला मोठा प्रश्न: गोव्यात ह्याचा उपयोग काय? थंड देशांत उन्हाळ्यात कालव अंड्यांनी भरतं, दुधाळ होतं, अंडी सोडली की रितं आणि पाणचट होतं, आणि ते महिने विक्री बसते. ट्रिप्लॉइड अंड्यांत फारशी शक्ती घालवत नाही, म्हणून बारा महिने भरलेलं राहतं. तीन संच दोघांत सारखे वाटता येत नाहीत, त्यामुळे ते बहुतांश वांझ. आपण खातो त्या बहुतेक केळ्यांत बी नसतं त्यामागेही हेच तीन संचांचं गणित आहे, म्हणून कुणी ‘जनुक बदललंय का’ असं विचारलं तर केळं दाखवा. बाहेरचं जनुक कुठलंही घातलेलं नाही.

पण आपल्या खाडीत कालव रितं होण्यापेक्षा मोठं दुखणं पावसाळ्याचं आहे. जून-जुलैत वरचं पाणी आलं की गालजीबाग काय, मांडवी-जुवारी काय, पाणी गोडं होत जातं आणि राफ्टवरची कालवं मरतात. ट्रिप्लॉइडलाही गोड्या पाण्यात श्वास घ्यायला तिसरा संच कामी येत नाही. फायदा असेल तर असा: ऑक्टोबरात सोडलेलं बीज जर लवकर वाढून मे संपायच्या आत विकण्याजोगं झालं, तर पावसाळा टाळता येईल. हे तुमच्या खाडीत होतं का ते ट्रिप्लॉइड आणि साधी शेजारी शेजारी टांगूनच कळेल, आणि त्यासाठी शंभर टक्क्यांची गरज नाही. मिश्र बीज टांगा, मे महिन्यात मोठी आणि लहान वेगळी करा, आणि दोन्हींतली वीस-वीस तपासा. मोठ्यांत ट्रिप्लॉइड जास्त निघाली तर तुमचं उत्तर मिळालं. हॉटेलवाल्याला दाखवायला घाई करू नका. मडगावच्या बाजारात सोललेली कालवं वाट्याने घेणारं गिऱ्हाईक गुणसूत्रं विचारत नाही, आकार आणि भरलेपणा बघतं.

शिनाण्यांवर (मसल ह्या शिंपल्यांवर) हेच करायचा विचार असेल तर एक फरक लक्षात ठेवा. त्यांची अंडी खरवडून चालत नाहीत, ती जनावराने आपणहून सोडलेलीच लागतात, आणि सोडायला लावायला आपण पाणी गरम-गार करतो. त्या खेळात नर आधी सोडतात. प्रत्येक शिनाणं वेगळ्या भांड्यात ठेवलं नाहीत तर लाल टेपची सुरीही वाचवणार नाही.

तपासणी शेवटी. पेशीतल्या डीएनएचं प्रमाण मोजणारं यंत्र, फ्लो सायटोमीटर, आपल्यासारख्यांकडे नसतं. एखाद्या संशोधन संस्थेत ओळख असेल तर उत्तम, नाहीतर दोन घरगुती मार्ग आहेत. पहिला तात्काळ: झटक्यानंतर, अंडं दोन पेशींचं व्हायच्या आधी, झटका न दिलेल्या गटाशी ताडून बघा. त्यांच्यावर दोन पोलर बॉडी असतील, तुमच्यावर एकच असेल तर काम झालं. धुताना पोलर बॉडी गळून पडतात, म्हणून ह्याचा आकडा पक्का नाही, पण खेप ठेवायची की ओतायची एवढं कळतं. मला वाटतं तुम्ही हे तीन खेपांत एकदा जरी केलं असतंत तर दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघावी लागली नसती.

दुसरा मार्ग तुम्ही केलाच आहे, गुणसूत्रं मोजायचा. पण तुम्ही डी-अळ्यांवर केलात. तोवर शिंपला धरायला लागतो आणि पेशी नीट पसरत नाहीत. चार ते सहा तासांची, अजून पोहायला लागलेली-न लागलेली पिल्लं घ्या, त्यांत विभाजन चालू असलेल्या पेशी भरपूर मिळतात. कोल्चिसीनमध्ये ठेवून विभाजन थांबवा, मग समुद्राच्या पाण्यात ऊर्ध्वपातित पाणी मिसळून त्यात दहा-पंधरा मिनिटं फुगवा, मग तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग ॲसेटिक आम्ल ह्यात दोन-तीनदा बदलून स्थिर करा. थेंब हातभर उंचीवरून काचेवर सोडा, वाळवा, गिम्सा रंग लावा. एका गटातल्या निदान तीस पेशी मोजा. २९ किंवा ३१ आले तर घाबरू नका, एखादं गुणसूत्र दुसऱ्याखाली दडतं किंवा शेजारच्या पेशीतून येऊन पडतं. पण २४, २६, २७ असे आकडे पुन्हा पुन्हा येत असतील तर झटका पहिल्या पोलर बॉडीवर बसलाय, पुढच्या वेळी दोन मिनिटं उशिरा हाक द्या.

काचेवर गटाचं नाव पेन्सिलीने लिहा, मार्करने नको. मिथेनॉल लागला की मार्कर पुसला जातो, आणि आठ गटांच्या चोवीस कोऱ्या काचा समोर ठेवून मी एकदा संध्याकाळभर बसलेलो आहे.